वाचकांचे प्रश्न : पात्राचे सहा आकडे नेमकं काय सांगतात?

गेल्या अंकात डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पात्र कसं तयार करायचं ते लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं वाचताना लक्षात आलं की राक्षस, जादू, तळघरं याबद्दल फारसं कुणी विचारलेलंच नाही. सगळ्यांचं घोडं अडलंय ते कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदाच्या, डाव्या बाजूला असलेल्या सहा आकड्यांपाशी. म्हणून या महिन्याचं सदर पूर्ण त्यांनाच देते.

ज्यांच्या हाती मागचा अंक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर किंवा डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी आता हे करतो’ असं सांगत जातात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येक पात्राला सहा आकडे असतात : स्ट्रेंथ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विस्डम आणि करिझ्मा. नागपुरात त्रिमूर्तीनगरला माझ्या घरी दर रविवारी जे टेबल बसतं, तिथे आम्ही त्यांना ताकद, चपळाई, दम, बुद्धी, भान आणि छाप म्हणतो. खाली हेच शब्द वापरले आहेत. मी व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट आहे. माझा दिवस माणसांची ताकद आणि दम मोजण्यात जातो, त्यामुळे या आकड्यांबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत.

प्रश्न : ताई, माझा तेरा वर्षांचा मुलगा सुट्टीत मित्रांसोबत हा खेळ खेळायला लागला. त्याच्या पात्राला बुद्धीत ८ पडले. तेव्हापासून म्हणतो का मी मठ्ठाचं पात्र खेळणारच नाही. शाळेत त्याला गणितात मार्क कमी पडतात, त्यामुळे ते मलाही लागलं. ८ म्हणजे किती वाईट? (एक आई, सक्करदरा)

ताई, आपल्या डोळ्यांना ‘वीसपैकी आठ’ बघायची सवय आहे. चाचणीचा पेपर हातात आला की वर तेच लिहिलेलं असतं. तुमच्या मुलानं ८ बघितले आणि त्याला पेपर आठवला. पण हा आकडा कशापैकीही नाही.

तो येतो कुठून ते बघा. मूळ पद्धतीत सहा बाजूंचे तीन फासे टाकले की कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १८ पडतात. तीन फासे मिळून २१६ प्रकारे पडू शकतात. त्यातल्या एकाच प्रकारात १८ येतात आणि एकाच प्रकारात ३. दहा मात्र २७ प्रकारे येतात, अकराही २७ प्रकारे. ९ पासून १२ पर्यंत धरलं तर १०४ प्रकार होतात, म्हणजे जवळपास निम्मी माणसं तिथेच बसली आहेत. आणि ८ किंवा त्याहून कमी येण्याचे प्रकार ५६. चारातला एक. तुमच्या गल्लीत दर चार माणसांमागे एक ८वाला असणार आणि तो आपला संसार नीट करत असणार.

आता तो आकडा टेबलावर करतो काय? त्यातून १० वजा करायचे, उरलेल्याचं निम्मं करायचं, अर्धा उरला तर खालच्या बाजूला धरायचा. याला मॉडिफायर म्हणतात आणि खेळात चालतो तो हाच, फाशावर पडलेल्या आकड्यात मिळवायचा. ८ चा मॉडिफायर उणे १. समजा एखाद्या पडक्या किल्ल्यावरचं चिन्ह ओळखायला १५ लागतात. बुद्धी १० असलेल्याला फाशावर १५ पासून २० पर्यंत काहीही चालेल, म्हणजे वीसातल्या सहा बाजू त्याच्या. तुमच्या मुलाला १६ पासून पुढे लागतील, म्हणजे पाच बाजू. फरक फाशाच्या एका बाजूचा. हे त्याला तोंडी सांगू नका. वीसचा फासा त्याच्या हातात द्या आणि त्या सहा बाजूंवर पेन्सिलनं टिंब करायला लावा. मग एक टिंब पुसायला सांगा. माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक नव्या मुलाकडून मी हे करून घेते. पुसलेलं ते एक टिंब बघून चेहरा सैल होतो.

आणखी एक. ज्यांना फासे टाकायचे नसतील त्यांच्यासाठी २०१४ च्या नियमपुस्तकात सहा आकड्यांची तयार यादी दिलेली आहे : १५, १४, १३, १२, १०, ८. म्हणजे पुस्तक स्वतःच प्रत्येक नायकाच्या पदरात एक ८ घालतं. कुठे ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं, पण ठेवावाच लागतो.

राहिला ‘मठ्ठ’ हा शब्द. नियमात बुद्धीच्या खात्यात जादूचं ज्ञान, इतिहास, निसर्गाची माहिती, धर्मांची माहिती आणि पुराव्यांवरून तपास लावणं एवढं येतं. ८ याचा अर्थ या गोष्टी पात्राच्या वाट्याला कमी आल्या. का आल्या नाहीत, ते मुलानं ठरवायचं आहे. त्याला विचारा, तुझ्या पात्राच्या गावात शाळा होती का? तो रात्री राखणीला जायचा का? आमच्याकडे एका मुलीच्या पात्राची बुद्धी ७ आहे. तिनं ठरवलं की आपलं पात्र लहानपणापासून नावेवर वाढलंय आणि कुठल्याही गावात पंधरा दिवसांच्या वर राहिलेलं नाही. त्यामुळे राजांची नावं तिला माहीत नाहीत, पण कुठल्याही घाटावर उतरलं की कुणाशी बोलायचं ते तिला बरोबर कळतं. अडीच वर्षं ती तेच पात्र खेळतेय.

गणिताच्या मार्कांचा या आठशी काही संबंध नाही, हे मात्र तुम्हीच त्याला सांगा. ते आईनं सांगितलेलं बरं.

प्रश्न : इंटेलिजन्स आणि विस्डममध्ये फरक काय? आमचा डीएम म्हणतो एक पुस्तकी आणि दुसरं म्हाताऱ्यांचं. मग माझं सतरा वर्षांचं पात्र विस्डम १६ घेऊ शकत नाही का? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, प्रतापनगर)

घेऊ शकतं आणि खुशाल घ्या. घोळ भाषांतराचा आहे. विस्डमला आपण ‘शहाणपण’ म्हटलं की डोळ्यासमोर पांढऱ्या मिश्यांचे आजोबा येतात. मीही सुरुवातीची तीन वर्षं शहाणपणच म्हणत होते आणि माझ्या टेबलावर कुणीही तरुण पात्राला तो आकडा देत नव्हतं. मग नियमपुस्तकात त्या आकड्याखाली काय काय येतं ते ओळीनं मांडून बघितलं. आजूबाजूला काय चाललंय ते टिपणं, समोरचा खोटं बोलतोय का ते ओळखणं, जनावराला सांभाळणं, रानात वाट काढणं, आजाऱ्याकडे बघून दुखणं ताडणं. या सगळ्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे : भान. ज्याला भान आहे तो सतरा वर्षांचा असेल नाही तर सत्तरचा.

काटोलकडे माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. ताण दिल्यावर झाडाची वाढ थांबते, मग पाणी सोडलं की फूल धरतं. हे का होतं ते माझा मामेभाऊ नीट समजावून सांगतो, तो कृषी महाविद्यालयात शिकलाय. त्याची बुद्धी चांगली, १४ धरा. पण पाणी आज सोडायचं की आणखी चार दिवस थांबायचं, हे बागेत काम करणाऱ्या गड्याचा पोरगा सांगतो. वय एकोणीस. तो पान चिमटीत धरतो, दुमडतो, सोडतो आणि म्हणतो, ‘अजून नाही’. मामा त्याचं ऐकतात. त्याला कारण विचारलं तर सांगता येत नाही. हे भान, आणि मी त्याला डोळे झाकून १६ देईन.

एक मात्र कबूल करायला हवं, या आकड्याच्या डब्यात पुढे पुढे बरंच सामान भरलं गेलं. १९७४ च्या मूळ पुस्तिकांमध्ये हा आकडा मुख्यतः क्लेरिकचा, म्हणजे देवाच्या सेवकाचा होता. जसा ताकदीचा आकडा लढवय्याचा आणि बुद्धीचा जादूगाराचा. नजर, कान आणि समोरच्याचा डाव ओळखणं ही कौशल्यं २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याच्याखाली आली. शिवाय कुणी जादूनं मन ताब्यात घेऊ पाहिलं तर त्याला तोंड देणंही याच आकड्यावर. त्यामुळे श्रद्धा, नजर आणि मनाचा निग्रह एकाच खणात आहेत. कधी कधी ते एकमेकांना धक्के मारतात. एखादा भक्त डोळे मिटून बसणारा असेल आणि त्याला आसपासचं काहीच दिसत नसेल, असं पात्र या नियमांत नीट बसत नाही. मग आम्ही भानाचा आकडा मोठाच ठेवतो आणि खेळाडूला सांगतो की डोळ्यांच्या कामासाठी तू पर्सेप्शनचं, म्हणजे आजूबाजूचं टिपण्याचं, प्रशिक्षण घेऊ नकोस. तेवढ्यानं बराच फरक पडतो.

प्रश्न : ताई, आमच्या होस्टेलवर लय मोठा वाद होऊन राहिला. माझा पैलवान, ताकद १८. त्यानं पंजा लढवला एका जादूगाराशी, त्याची ताकद ८. दोघांनी वीसचा फासा टाकला. मला पडले ४, त्याला १७. मी हारलो. मग त्या १८ चा फायदा काय? सगळे हसून राहिले मले. (हिंगणा रोड)

दादा, तुमचा राग बरोबर आहे. आणि तो राग हिशोबानं सिद्ध करता येतो, म्हणून हे उत्तर होस्टेलवर मोठ्यानं वाचा.

तुमचे अधिक ४, त्याचे उणे १. फरक पाचाचा. वीसचे दोन फासे मिळून ४०० प्रकारे पडतात. त्यातल्या २८० मध्ये तुम्ही जिंकता, १५ मध्ये बरोबरी होते आणि १०५ मध्ये जादूगार जिंकतो. म्हणजे चारातून एकदा, किंबहुना किंचित जास्तच. आता तुम्हीच सांगा, महालातल्या आखाड्यात रोज जोर मारणारा पैलवान आणि दिवसभर पुस्तकात डोकं घातलेला पोरगा यांचा पंजा लावला, तर चारातून एकदा पोरगा जिंकेल का? चाळीसातून एकदाही नाही.

चूक आकड्यांची नाही, फाशाची आहे. वीसचा फासा फार रुंद आहे. त्यावर १ आणि २० यायची शक्यता सारखीच असते. माणसाच्या अंगातली ताकद तशी वागत नाही. माझ्याकडे हाताची पकड मोजायचं यंत्र आहे, डायनॅमोमीटर म्हणतात. पेशंटला ते तीनदा दाबायला लावायचं आणि तिन्हींची सरासरी घ्यायची, अशी आमची रीत. तीनदा का, तर एका वेळी माणूस बिचकतो, एका वेळी बोटं नीट बसत नाहीत. पण तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळच असतात. ज्याची पकड पन्नास किलो आहे त्याची पुढच्या मिनिटाला पाच किलो होत नाही. वीसचा फासा मात्र तेवढी उडी मारतो.

मग वीसचा फासा वापरायचा कुठे? जिथे घाई, गोंधळ, घसरडी जमीन, अंधार असा काही तरी नशिबाचा भाग आहे तिथे. दोराला लटकून वर जाणं, दार धडकेनं उघडणं, पाण्याच्या लोंढ्यात कुणाला तरी धरून ठेवणं. टेबलावर कोपर टेकवून दोघं समोरासमोर बसले आणि बाकी काहीच घडत नाही, तर डीएमनं फासा मागायलाच नको. ज्याची ताकद जास्त तो जिंकला, पुढे चला. नियमपुस्तकाचंही म्हणणं असंच आहे की निकालात शंका असेल तेव्हाच फासा टाका. डीएमला फासा हवाच असेल तर तीनपैकी दोन डाव ठेवा. बरोबरीचा डाव पुन्हा खेळलात तर जादूगाराची शक्यता शंभरात २७ वरून १८ वर येते. तिन्ही डाव सलग जिंकायची अट घातलीत तर शंभरात २.

१८ चा फायदा विचारलात म्हणून सांगते. आजच्या नियमांत ताकदीचा आकडा गुणिले १५ इतकी पौंडं वजन पात्र बरोबर घेऊन फिरू शकतं. तुमचा पैलवान २७० पौंड, म्हणजे सुमारे १२२ किलो. धावत येऊन लांब उडी आकड्याइतकी फूट, तुमची अठरा फूट. यात फासा नाही. म्हणजे ओढ्यापलीकडे दोर घेऊन कोण जाणार, जखमी सोबत्याला खांद्यावर कोण घेणार, याची उत्तरं ठरलेली आहेत आणि ती तुम्ही आहात. या गोष्टी मागून घ्या. पुष्कळ डीएम त्या विसरतात.

जुनी गंमत अशी की १९७४ च्या मूळ नियमांत ताकद जास्त म्हणून वार जास्त लागायचा, असं काही नव्हतं. लढवय्याला त्याबद्दल अनुभवाचे गुण लवकर मिळायचे, एवढंच. मारण्यातली बेरीज १९७५ च्या पुरवणीतून आली आणि सहाही आकड्यांना एकच मॉडिफायर लावायची आजची पद्धत २००० पासूनची. म्हणजे ‘१८ चा फायदा काय’ हा प्रश्न खेळ करणाऱ्यांनीही पुन्हा पुन्हा सोडवलाय.

आणि एक माझा स्वतःचा आग्रह, तुम्ही विचारला नसला तरी. धनुष्य ओढण्यावर आजचे नियम नुसती चपळाई लावतात. जोरकस धनुष्याची दोरी कानापर्यंत ओढून धरायला पाठीचे आणि खांद्याचे स्नायू लागतात, ते किती लागतात हे खांद्याचं दुखणं घेऊन येणारे लोक मला रोज दाखवतात. आमच्या टेबलावर लांब धनुष्य वापरायचं तर ताकद निदान १२ हवी. तुम्ही तसं करावंच असं नाही, पण करून बघा.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधला एक मुलगा म्हणतो की मूळ नियमांप्रमाणे मुलींच्या पात्राला ताकदीची मर्यादा असते, म्हणून मी बार्बेरियन, म्हणजे रांगडा लढवय्या, घेऊ नये. हे खरं आहे का? (अकरावी, धरमपेठ)

असा नियम होता. १९७८ च्या पुस्तकात. तेव्हा लढवय्याला १८ पडले की शंभराचा आणखी एक फासा टाकायचा आणि १८/०१ पासून १८/०० पर्यंत पायऱ्या असायच्या, शेवटचे दोन शून्य म्हणजे शंभर. माणूस जातीच्या स्त्री पात्राला १८/५० वर थांबवलेलं होतं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो नियम काढून टाकला आणि नंतर तो परत आला नाही. आज मर्यादा २० ची आहे आणि ती सगळ्या साहसी पात्रांना एकच आहे. त्या मुलाच्या जन्माच्या आधीच हा विषय संपलाय.

तरीही तुला उत्तर द्यायचं असेल तर हे दे. मीराबाई चानूनं टोकियोला क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर, ११५ किलो उचलले, ४९ किलोच्या गटात. नियमपुस्तक ताकद १० असलेल्या अगदी साध्या माणसाला १३६ किलो हलवता येतात म्हणतं. कळमना मार्केटमधले हमाल पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतात आणि तेवढ्यानंच संध्याकाळपर्यंत त्यांची कंबर बोलायला लागते. या पुस्तकातली किलोची गणितं खऱ्या शरीरांना लावून बघायची नसतातच. ती गोष्टीतल्या शरीरांसाठी आहेत. तुझी बार्बेरियन घे, १७ लिही, आणि कुऱ्हाडीला नाव दे.

प्रश्न : कॉन्स्टिट्यूशनखाली एकही कौशल्य नाही. मी जादूगाराला त्यात ८ दिले. सगळे ओरडताहेत. का? (मानेवाडा)

कारण ८ चा उणे १ दर लेव्हलला तुमच्या जिवातून जातोय. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराचे सरासरी धरून २२ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचे गुण, होतात, दम १० असेल तर. ८ असेल तर १७. १४ असेल तर ३२. शिवाय चालू ठेवलेली जादू मार बसल्यावर टिकते की तुटते, हेही दमावरच ठरतं. ज्या आकड्याखाली कौशल्य नाही तो आकडा तुम्ही न मागता, डीएमनं ‘टाका’ म्हटल्यावर कामाला येतो.

नागपूरकराला हा आकडा समजावून सांगावा लागू नये खरं तर. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात उन्हाचा नियम आहे : तापमान १०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३८ सेल्सिअसला पोचलं आणि प्यायला पाणी नसलं, तर दर तासाला दमाचा फासा. पहिल्या तासाला ५ पुरतात, मग तासातासाला एकेक वाढत जातो. चुकलात की थकव्याची एक पायरी. सहाव्या पायरीला मृत्यू. जड चिलखत असेल तर दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा. तुमच्या जादूगाराला पहिल्या तासाला ६ हवेत आणि सहाव्या तासाला ११, म्हणजे तेव्हा मामला निम्म्यावर येतो.

मी हा नियम मे महिन्यात खेळवते. दुपारची वेळ, कूलर फुल्ल, वाऱ्यानं शीट उडू नयेत म्हणून त्यावर चिवड्याची बरणी. बाहेर पंचेचाळीसच्या पुढे. त्या दुपारी डीएमला उन्हाचं वर्णन करावंच लागत नाही. नुसतं म्हणायचं, ‘पाणी संपलं’. टेबलावरची प्रत्येक व्यक्ती स्वतःच्या बाटलीकडे बघते. पुढच्या पात्राला निदान १२ द्या.

प्रश्न : माझ्या पात्राचा करिझ्मा १६ आहे, पण मी स्वतः बोलताना अडखळतो. डीएम म्हणतो, ‘राजाशी बोलतोस ना, मग बोलून दाखव’. मी बोललो की तो म्हणतो, राजाला पटलं नाही. फासाही टाकू देत नाही. पात्र बदलू का? (रामदासपेठ)

नाही. पात्र बदलू नका. हे पत्र मी दोनदा वाचलं आणि याच्यासाठी जागा राखून ठेवली.

तुमच्या डीएमला एक विचारा. ताकद १८ असलेला खेळाडू ‘मी दगड उचलतो’ म्हणाला, तर त्याला घरातली लोखंडी कपाटं उचलायला लावता का? जादूगाराला खरंच आग काढून दाखवायला सांगता का? मग छाप असलेल्यालाच का स्वतःच्या जिभेवर यावं लागतं? सहाही आकडे एकाच कामासाठी आहेत : जे मला येत नाही ते माझ्या पात्राला येतं, हे टेबलानं मान्य करावं. पाच आकड्यांना तो मान द्यायचा आणि सहाव्याला नाकारायचा, हा अन्याय आहे.

छाप म्हणजे लांबलचक भाषण, हा समजही काढून टाका. रूपसुद्धा नाही. रूपासाठी १९८५ मध्ये वेगळा सातवा आकडा आणून बघितला होता, पुढच्या आवृत्तीत तो टिकला नाही. १९७४ मध्ये या आकड्यावर ठरायचं ते असं की तुमच्यासोबत किती माणसं येतील आणि ती किती निष्ठेनं राहतील. आपल्याकडे ‘छाप पाडणं’ म्हणतात तेच. न बोलताही पडते.

आमच्या टेबलावर एक मुलगा आहे. गेल्या वर्षी आला तेव्हा तासातासात तीन वाक्यं बोलायचा. त्याचं पात्र गाणारं, छाप १६, तुमच्यासारखीच. एका रविवारी सगळे किल्ल्याच्या फाटकाशी अडकले. पहारेकरी आत सोडेना. मी वर्णन करताना सहज सांगून गेले होते की तो दगडावर बसून लाकडाचा छोटा बैल कोरतोय. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाचा, आठवडा होता, डोक्यात तेच होतं. तिघांनी वाद घातला, एकानं लाच देऊ केली, एकीनं राजाच्या नावाची धमकी दिली. पहारेकरी कोरत बसला. या मुलानं आपल्या शीटच्या मागे काही तरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. दोन शब्द होते : ‘बैल कुणासाठी?’

मी वाचलं आणि त्याला म्हटलं, टाक. आम्ही फासे परातीत टाकतो, आवाज खणखणीत होतो. पडले १३. छापेचे अधिक ३, प्रशिक्षणाचे अधिक २. अठरा. मला पंधराच हवे होते. मी पहारेकऱ्याच्या तोंडून सांगितलं की मुलगी आहे सहा वर्षांची, दोन वर्षांत भेट नाही, आणि बैलाचं शिंग नीट जमत नाहीये. त्या मुलानं परत कागद ओढला आणि लिहिलं, ‘दे, मी करतो’. फाटक उघडलं.

तुम्हालाही हेच करता येईल. तोंडानं राजा व्हायची गरज नाही. डीएमला तीन गोष्टी सांगा : मला राजाकडून काय हवंय, मी त्याच्यातली कुठली गोष्ट हेरलीय, आणि मी काय देऊ करतोय. ‘मी त्याला म्हणतो की...’ अशी सुरुवात करून तिसऱ्या माणसाच्या भाषेत सांगितलं तरी चालतं, कागदावर लिहून दिलं तरी चालतं. चांगलं काही हेरलं असेल तर डीएमनं लागणारा आकडा कमी करावा. एवढं झालं की फासा तुमचा हक्काचा. उलट बाजूलाही हाच न्याय लावा, नाही तर तो अर्धाच राहील. तुमच्या ग्रुपमध्ये फर्डा बोलणारा कुणी असेल आणि त्याच्या पात्राची छाप ७ असेल, तर त्यानं कितीही रंगवून बोललं तरी शेवटी उणे २ लावून फासा टाकायचाच.

हे पान डीएमला दाखवा. एकट्यानं द्यायला संकोच वाटला तर टेबलावर सगळ्यांच्या मधे उघडून ठेवा. आणि राजाकडे परत जा, या वेळी त्याच्या हातात काय आहे ते आधी विचारा.